बोथट बाणाचा धर्म

एकलव्यानें भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडांत सात बाण मारले आणि तरी तें कुत्रें जिवंत पांडवांकडे परत गेलें, ही आदिपर्वांतील कथा वाचकांस परिचित आहेच. विराटपर्वांत अर्जुनानें द्रोण, कर्ण, दुर्योधनादि वीरांस संमोहनास्त्रानें निश्चेष्ट केलें; उत्तरानें त्यांचीं वस्त्रें काढून आणलीं, पण प्राण कोणी घेतले नाहींत. न मारतां जिंकणें ही धनुर्विद्येची परिसीमा होय.

या कथा आठवण्याचें कारण असें कीं, सुट्टींत मुरबाडास जमलेलीं आमचीं नातवंडें ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ खेळतात. १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ प्रसिद्ध झाला. एक जण कथा सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीनें बोलतात आणि घाव लागला कीं नाहीं तें वीस बाजूंचा फांसा ठरवितो. आमच्या नातीचें पात्र धनुर्धर. तिला पळता चोर जिवंत धरावयाचा होता. नियम आडवा आला. २०१४ च्या आवृत्तीप्रमाणें तरवारीनें वा सोट्यानें अखेरचा घाव घालणारा त्याच क्षणीं म्हणूं शकतो कीं, शत्रु मेला नाहीं, बेशुद्ध पडला. धनुर्धराला ही मुभा नाहीं. “आजोबा, हा अन्याय नव्हे काय?” असें तिनें विचारलें.

मला त्या नियमांत तथ्य दिसतें. हातांतील शस्त्र शेवटच्या क्षणीं आवरतां येतें. सुटलेला बाण आवरत नाहीं. आमच्याकडे शेत राखणारा गोफण फिरवितो ती पांखरें उठविण्यासाठीं. तोही वाटेवर माणूस नाहीं ना हें पाहूनच धोंडा सोडतो. धनुर्धराची दया प्रत्यंचा सोडण्यापूर्वींच ठरली पाहिजे. ‘पाथफाइंडर’ या त्याच कुळांतील खेळाच्या २०१० च्या पुरवणींत तशी वाट आहे. लांकडी, गोल टोंकाचा बाण घ्यावा. मात्र शत्रूस केवळ बेशुद्ध करावयाचें तर फांशावरील आंकड्यांतून चार वजा करावे. विसांत चार, म्हणजे शंभरांत वीस नेम हुकावयाचे! दयेला कौशल्य अधिक लागतें, हा हिशेब मला पटतो.

परंतु बोथट म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हें खेळांत सहज विसरतें. १९८७ सालीं दूरदर्शनवर रामायण सुरू झालें तेव्हां घरोघर खराट्याच्या काड्यांचे बाण सुटूं लागले. डोळ्यांत गेलेल्या काडीला खेळ आणि युद्ध हा भेद कळत नाहीं. १९७० सालीं उत्तर आयर्लंडांत ब्रिटिश सैन्यानें रबरी गोळ्या आणल्या त्या माणूस मरूं नये म्हणूनच. पण त्यांनीं व मागाहून आलेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांनीं मिळून १७ बळी घेतले.

म्हणून मुलांना मीं घरापुरता एक नियम सुचविला. बोथट बाण सोडणारानें आधीं तसें सांगावें, चारांची वजावट सोसावी, आणि फांशावर एक पडल्यास बाण भलत्या जागीं लागला असें समजून ती इजा प्राणघातक धरावी. नातीला तें पटलें. नातू म्हणतो, “मग बोथट बाण कोण वापरील?” आक्षेप खरा आहे. दया महाग केली कीं माणसें तिच्या वाटेस जात नाहींत; फुकट केली कीं नीट नेम धरीत नाहींत. यांतील दुसरा धोका मला मोठा वाटतो. वाचकांनीं आपल्या घरच्या मुलांनाही निकाल विचारून पाहावा.