दोन चाकांचे जू

एरंडोल तालुक्यातल्या माणसाला डोलणाऱ्या वस्तूंचे अप्रूप नाही. तालुक्यातल्याच फरकांडे गावच्या झुलत्या मनोऱ्यांच्या गोष्टी ऐकत तो लहानाचा मोठा होतो. दोन मनोरे शेजारी शेजारी. एक हलवला की दुसराही आपोआप हलू लागे, अशी त्यांची कीर्ती! पोरांना त्यात चमत्कार दिसे, वडीलधाऱ्यांना बांधणाऱ्याची अक्कल. आज ज्या पोलादी दांड्याविषयी लिहायचे आहे, त्याचेही मर्म हेच आहे. एका अंगाला जे झाले, ते दुसऱ्या अंगाला कळवायचे, एवढेच त्याचे काम.

हा दांडा मोटारीच्या पोटाखाली, पुढच्या दोन चाकांच्या मध्ये आडवा बसवलेला असतो. इंग्रजीत त्याला तीन-चार नावे आहेत. गॅरेजात त्याला ‘स्टॅबिलायझर’ म्हणतात. मराठीच्या मास्तराला अशा वेळी स्वस्थ बसवत नाही, म्हणून मी त्याचे बारसे करून ‘तोलदांडा’ असे नाव ठेवले आहे. पुष्कळ गाड्यांना तो कारखान्यातूनच बसून येतो. काही स्वस्त गाड्यांना तो नसतो, किंवा असतो तो काडीपैलवान असतो. मग हौशी मालक बाजारातून जाडजूड दांडा आणून बसवून घेतात. दिवाळी तोंडावर आली की या हौसेला भरते येते. कारण भाऊबीजेच्या प्रवासात चाळीसगाव मागे टाकून कन्नडचा घाट लागला, की वळणावळणाला गाडी कुशीवर कलते, मागच्या बाकावरची मंडळी एकमेकांच्या अंगावर रेलतात, आणि पोटातला फराळ वर यायच्या गोष्टी करू लागतो.

तोलदांडा ही कलंडण कशी आवरतो, ते पाहण्यासारखे आहे. दांड्याची दोन्ही टोके काटकोनात वळवलेली असतात. मधला भाग रबरी बुशांत धरून गाडीच्या सांगाड्याला आवळतात आणि टोके लहान लिंकांनी दोन्ही चाकांकडे जोडतात. दोन्ही चाके एकदम गतिरोधकावर चढली, तर दांडा बुशांत नुसता फिरतो; त्याला काही काम पडत नाही. पण गाडी डावीकडे वळताना उजवीकडे कलू लागली, की उजवे चाक वर दाबले जाते, डावे खाली उतरू पाहते, आणि दोघे मिळून ओले धोतर पिळावे तसा दांड्याला पीळ देतात. पिळलेले पोलाद पुन्हा सरळ व्हायला धडपडते आणि त्या धडपडीत गाडी सावरते. अशा दांड्याचे पेटंट १९१९ साली कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना मिळाले. कल्पना शंभरी ओलांडून गेली, तरी अजून कामाला आहे.

जाडीचे गणित मात्र फसवे आहे. बाकी सारे तसेच ठेवून वीस मिलिमीटरचा दांडा काढला आणि बावीसचा बसवला, तर आपल्याला वाटते, दहा टक्क्यांचा फरक पडला. प्रत्यक्षात दांड्याचा ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे बावीसचा दांडा सुमारे सेहेचाळीस टक्के अधिक ताठ, आणि चोवीसचा दुपटीहून थोडा अधिक! तेव्हा ‘जाड तेवढा चांगला’ हा पैलवानी हिशेब येथे कामाचा नाही.

कारण तोलदांड्याची किंमत पैशांखेरीज आणखी दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली खड्ड्यात. जुवाखालचा एक बैल ठेचाळला, की दुसऱ्याच्याही मानेला हिसका बसतो. तोलदांडा हे दोन चाकांचे जूच आहे. एकच चाक खड्ड्यात गेले, तरी त्याची वार्ता तो दुसऱ्या चाकाला पोचवतो आणि गाडी डावी-उजवीकडे हिंदकळते. रुंद, गुळगुळीत महामार्गावर जो दांडा गुणी वाटतो, तोच आडवाटेच्या खडबडीत रस्त्यावर बसणाऱ्याच्या मानेवर सूड उगवतो. आमच्याकडचे एक जुने मिस्त्री असल्या गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारतात, “दांडा टाका म्हनीसन रस्ता सुधरस का, सर?”

दुसरी किंमत वळणात. वळताना बाहेरच्या चाकांवर किती भार जाणार, हे मुख्यतः गाडीचा वेग, तिची उंची आणि रुंदी ठरवतात. दांडा तो भार नाहीसा करीत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांत त्याची वाटणी बदलतो. पुढचा दांडा जाड केला, की पुढच्या बाहेरच्या टायरवर अधिक ओझे येते. वेग फार झाला तर पुढच्या टायरांची पकड आधी सुटते आणि गाडीचे नाक वळणाबाहेर जाऊ लागते. मागची बाजू घसरण्यापेक्षा हे बरे, कारण पाय हळूच उचलला की गाडी बहुधा ताब्यात येते. पण घाटात वळणाबाहेर काय असते, ते सांगायला नको.

आणि गाडीचे कलणे ही नुसती खोड नव्हे, ती सूचनाही आहे. गाडी आपल्या भाषेत म्हणत असते, ‘अहो, जरा दमाने!’ दांड्याने तिचे तोंड बंद केले, तरी टायरांची पकड काही वाढलेली नसते. वाढतो तो चालवणाऱ्याचा धीर. मोठमोठ्या कारखान्यांनाही तोल ही गोष्ट सहज साधत नाही. १९९७ साली स्वीडनमध्ये रस्त्यात अचानक आडवे आलेले जनावर चुकवण्याची परीक्षा घेताना मर्सिडीजची नवीकोरी ए-क्लास मोटार उलटली. कंपनीला विक्री थांबवून चाकांवरची बांधणी बदलावी लागली आणि घसरण आवरणारी विजेची यंत्रणा सगळ्या गाड्यांत घालावी लागली. एका जाड दांड्यावर तिने भागवले नाही.

मग दांडा बसवूच नये काय? जरूर बसवावा, पण क्रम पाळून. आधी टपावरचे ओझे उतरवा. बोचके जितके उंच, तितकी गाडी कलणार. टायरांतली हवा, थकलेले शॉक ॲबसॉर्बर आणि चिरलेले जुने बुश तपासा. पुष्कळदा दुखणे तेथेच सापडते. तरीही हवाच असेल, तर आपल्याच गाडीसाठी बनवलेला, माफक जाडीचा दांडा घ्या. पुढची दोन्ही चाके सारखी उचलून, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर टेकवून मिस्त्रींनी तो बसवावा. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दांडा ब्रेकच्या नळीला घासत नाही ना, हे पाहावे. रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. नाहीतर बुशांना कायमचा पीळ राहतो. शे-दोनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे बावन्नावे कलम गाडीतल्या फेरफारांवर बंधने घालते. म्हणून आरटीओ कचेरीत आणि विमा कंपनीत आधी विचारलेले बरे.

एवढे करून घाट चढायचा, तो कालच्याच वेगाने. बसणाऱ्यांना सुख लागले, हाच दांड्याचा नफा. वाचलेली पाच मिनिटे हा नव्हे. बहीण ताट तयार ठेवून दाराशी येरझारा घालत असेल, पण उशीर झाला तर निरांजनात आणखी थोडे तूप घालील. तेवढी वाट पाहणे तिला जन्मापासून ठाऊक आहे.