नमस्कार करा, पण धूळही पुसा



आमच्या शाळेच्या ऑफिसात एक संगणक आहे. त्यावर शाळेची माहिती भरतात, याद्या टाइप करतात. आम्ही मुले त्याला हात लावत नाही. दारातूनच बघतो.

गेल्या खंडेनवमीला पाटीपूजन झाले. तेव्हा आम्ही संगणकाचीही पूजा केली. हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, अक्षता टाकल्या. मीपण मूठभर टाकल्या. पुढच्या आठवड्यात मोठे गुरुजी यादी करायला बसले, तर इंग्रजी ‘ए’चे बटण दबेना. बटणाखाली तांदूळ अडकला होता! सगळी पोरं हसली. मला मात्र भीती वाटली. तो दाणा माझाच असला तर?

दिवाळीनंतर संगणक मधेच आपोआप बंद पडू लागला. तालुक्याहून दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी खोका व्हरांड्यात नेऊन उघडला. आत पंख्यावर गोधडीतल्या कापसासारखी धूळ! काका म्हणाले, “संगणक चालताना तापतो. पंखा हवा ओढतो, म्हणून तो गार राहतो. पण हवेबरोबर धूळपण आत जाते. धुळीनं वाट बुजली की तो जास्त तापतो न् बंद पडतो.”

बाईंनी सांगितले, पुण्याच्या सी-डॅक संस्थेत १९९१ साली ‘परम’ हा महासंगणक तयार झाला. एवढ्या मोठ्या संगणकालाही गार ठेवावे लागते. मग आपल्याला नको का?

दुरुस्तीला ४०० रुपये लागले. त्या पैशांत आमचा नवा चेंडू येणार होता. तो राहिला.

मला असे वाटते की संगणकाची सफाई आम्हा मुलांना शिकवावी. काही जण म्हणतील, पोरं मोडतील. पण आम्ही हात लावला नाही, तरी तो बिघडलाच ना? दुरून नमस्कार केल्याने धूळ जात नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते. तेव्हा बाईंच्या देखरेखीखाली एक मुलगा आणि एक मुलगी अशी पाळी लावावी. आधी संगणक नीट बंद करायचा आणि बाईंनी वायर काढायची. बटणांची पाटी उलटी धरून हळू झटकायची, मग मऊ ब्रशने फटी साफ करायच्या. पडदा मऊ कोरड्या फडक्याने पुसायचा. त्यावर पाणी मारायचे नाही. खोका फक्त बाहेरून पुसायचा, उघडायचा नाही. आतले काम काकांचे. संगणक चालू असताना त्यावर रुमाल झाकायचा नाही, कारण हवेची भोके बंद होतात. बंद करून गार झाल्यावर झाकावा.

मी हे घरी सांगितले तर आबा रागावले. म्हणाले, “पूजा करू नका म्हणतोस काय?” मी म्हणालो, “आबा, बैलाची पूजा पोळ्याला एकदाच करतो. पण वैरण-पाणी रोज करतो, अंगही चोळतो. नुसत्या पोळ्यावर बैल जगेल का?” आबा हसले न् गप बसले.

पूजा जरूर करावी. पण आधी धूळ पुसावी, आणि हळदकुंकू, अक्षता टेबलावर ताटलीत ठेवाव्यात.

पहिली पाळी मला द्यावी, ही मोठ्या गुरुजींना विनंती. तो तांदूळ माझा होता की नाही, माहीत नाही. पण धूळ आपल्या सगळ्यांची आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी