स्पिटफायरची घाई नको

रेडिओ कंट्रोलवरचे पहिले विमान नीट उतरवता आले, की लगेच दुकानातल्या स्पिटफायरकडे लक्ष जाते. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या अशा प्रतिकृतींना हौशी मंडळी ‘वॉरबर्ड’ म्हणतात. मोह स्वाभाविक आहे. पण ही उडी एकदम मारू नये, असे माझे मत आहे. त्याचे कारण भौतिकशास्त्रात आहे.

शिकाऊ विमानाचे पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले असतात. विमान कलले आणि स्टिक सोडून दिली, तरी बहुतेक वेळा ते स्वतःच सावरते. वजनाच्या मानाने पंख मोठे असल्याने कमी वेगातही ते तरंगते. विमान आपल्या चुका पोटात घालते आणि आपल्याला वाटते, आपण तरबेज झालो.

वॉरबर्डचे तसे नाही. पंख खाली, बहुधा टोकांकडे निमुळते आणि त्यांच्यावर भार जास्त. तेवढ्याच पंखांवर दुप्पट वजन आले, तर हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे 1.4 पट होतो. उंची राखून 60 अंश कललेले वळण घेतले, तर तो पुन्हा तितक्याच पटीने वाढतो. उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर नेमके हेच घडते. वेग कमी झालेला असतो, घाईत स्टिक जास्त ओढली जाते, एका पंखाचे टोक आधी उचल गमावते आणि विमान गिरकी खात खाली येते. सावरायला उंची उरलेली नसते. फिरत्या प्रोपेलरसह वेगाने येणारे ते वजन कोणाच्या अंगावर पडले, तर नुकसान केवळ मोडलेल्या फोमचे राहत नाही.

‘यात जायरो आहे’ असे दुकानदार सांगतो. जायरो वाऱ्याचे धक्के सावरतो. गमावलेला वेग तो परत आणत नाही.

खऱ्या वैमानिकांच्या हातीही स्पिटफायर थेट दिले जात नसे. आधी टायगर मॉथ, मग हार्वर्ड आणि त्यानंतर लढाऊ विमान, असा प्रशिक्षणाचा क्रम असे. आपणही मधली पायरी गाळू नये. काही महिने खाली पंख असलेले साधे स्पोर्ट विमान उडवावे. पुरेशा उंचीवर मुद्दाम वेग कमी करून ते कसे कोसळते आणि कसे सावरते, हे पाहावे. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावे-उजवे चुकत नाही ना, हे तपासावे. दोन्ही दिशांनी, जायरो बंद ठेवून, ठरवलेल्या जागी ते उतरवता आले पाहिजे.

त्यानंतरही पहिले वॉरबर्ड म्हणून टी-28 ट्रोजन बरे. मुळात ते प्रशिक्षणासाठीच बनवलेले विमान. नाकाखाली चाक आणि मागच्या चाकांत भरपूर अंतर असल्याने धावपट्टीवर ते सहसा दगा देत नाही. स्पिटफायर कुठे पळून जात नाही. हात तयार झाल्यावर ते घ्यावे.