घरोघरचें आरोग्य : प्रत्येक सूज वाताची नव्हे

गुडघा सुजला कीं आपल्या घरांत निदान तयारच असतें. वडीलधाऱ्यांचा असेल तर वात, मुलांचा असेल तर मुका मार. मग शेक, लेप व तेल यांची रांग लागते. बहुतेक वेळां तेवढ्यावर निभावतेंही. परंतु तरुण माणसाचा एकच गुडघा महिनोन् महिने सुजून राहिला, वाकवितांना अडूं लागला आणि पडल्याचें स्मरणही नसलें, तर या ठरीव निदानावर विसंबूं नये, हें आज आम्हांस वाचकांना सांगावयाचें आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत सर्व सांध्यांत असणारी 'श्लेष्मधरा कला' वर्णिली आहे. वंगण घातलेल्या आंसावर चाक सुखानें फिरावें तसे सांधे तिच्यायोगें फिरतात, असा तेथें दृष्टांत आहे. आधुनिक वैद्यकही सांध्याच्या आंत स्निग्ध रस स्रवणारें पातळ अस्तर मानतें. क्वचित् या अस्तराचेंच अर्बुद होतें, व तें पसरट जातीचें असल्यास बहुधा गुडघ्यांत आढळतें. १९४१ सालीं जॅफे, लिक्टेनस्टाइन व सट्रो या त्रयीनें त्यास 'पिग्मेंटेड व्हिलोनोड्युलर सिनोव्हायटिस' असें नांव दिलें. नांव लांबलचक खरें, पण त्यांत रोगाचें चित्र आहे. अस्तराला झालरीसारखे तंतू व गांठी फुटतात, आंतल्या आंत रक्त झिरपतें, आणि त्यांतील लोहामुळें सर्व भाग तपकिरी दिसतो.

कांहीं थोड्या पेशी जनुकांतील बिघाडामुळें एक द्रव्य अतोनात निर्माण करतात, आणि त्याच्या हांकेसरशीं इतर पेशींची गर्दी जमते. गांठींत या बोलावून आणलेल्यांचाच भरणा अधिक. हा कर्करोग नव्हे, म्हणून 'अर्बुद' शब्दानें धीर सोडूं नये. मात्र निरुपद्रवी म्हणून स्वस्थही बसूं नये, कारण दुर्लक्ष झाल्यास कूर्चा व हाड यांची झीज होते.

क्ष-किरणांच्या चित्रांत आरंभीं फारसें कांहीं दिसत नाहीं. एमआरआय तपासणींत संशय येतो, आणि तुकडा तपासल्यावर खात्री होते. शस्त्रक्रियेनें बिघडलेलें अस्तर काढतात. एकाच जागची गांठ सहसा परतत नाहीं, परंतु सांधाभर पसरलेली पुष्कळदां परतते, म्हणून पुढेंही तपासणी चुकवूं नये. २०१९ सालीं अमेरिकेंत यावरील पहिलें पोटांत घेण्याचें औषध, पेक्सिडार्टिनिब, मान्य झालें. त्यापासून यकृताला अपाय होऊं शकतो, म्हणून तें देतांना रक्ततपासणीचा कडक निर्बंध ठेवण्यांत आला.

हा विकार विरळा आहे, आणि बहुतेक सुजांचें कारण निराळेंच निघेल. पण तो पुष्कळदां विशी ते पन्नाशीच्या वयांत येतो, म्हणजे घर ज्यांच्या पायांवर चालतें त्यांनाच. सासूचा गुडघा दुखला तर घरभर चर्चा होते. सून मात्र जिना चढतांना कठडा धरते, खालीं बसण्याचें टाळते, आणि तिला आळशी म्हटलें जातें. तिनें बोलून दाखविलें नाहीं म्हणून दुखणें नाहीं असें समजूं नये. सूज तीन-चार आठवड्यांत न ओसरल्यास तेलाची बाटली बाजूस ठेवून तिला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावें, अशी घरांतील वडील मंडळींस आमची विनंती आहे.