प्रा. भगवतींचा विसरलेला धडा

प्रा. जगदीश भगवती हे खुल्या व्यापाराचे खंदे पुरस्कर्ते म्हणून जगभर ओळखले जातात. १९३४ साली मुंबईत जन्म, सिडनेहॅम महाविद्यालयात व केंब्रिजला शिक्षण, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन, १९६८ पासून अमेरिकेत एम.आय.टी. आणि १९८० पासून कोलंबिया विद्यापीठ, असा त्यांच्या कारकिर्दीचा आलेख आहे. उदारीकरणाचे समर्थक त्यांचा दाखला उठता-बसता देतात. परंतु ज्या टिपणामुळे त्यांचे नाव प्रथम गाजले, त्याची आठवण त्यांना क्वचितच होते.

१९५८ च्या त्या टिपणाचा निष्कर्ष असा : एखाद्या देशाने निर्यातीच्या मालाचे उत्पादन वाढवले आणि परदेशातील मागणी मात्र ताठर राहिली, तर भाव इतके कोसळू शकतात की, अधिक पिकवूनही तो देश पूर्वीपेक्षा दरिद्री होतो. १९६८ मध्ये त्यांनी याची मीमांसा अधिक व्यापक केली. ज्या देशाच्या पुरवठ्यामुळे जागतिक भाव हलतो, त्याला मोकळा व्यापार हितावह नसतो. योग्य कर बसवल्यास ही आपत्ती टळते.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातील कोटापद्धती मोडली. भारतातही कॉफी बोर्डाची सक्तीची एकत्रित विक्रीव्यवस्था १९९६ पर्यंत पूर्णपणे संपुष्टात आली. ब्राझील, व्हिएतनाम येथे उत्पादन वाढत गेले आणि २००१ च्या सुमारास भाव कित्येक दशकांच्या नीचांकावर आले. कोडगू व वायनाडच्या लहान बागायतदारांना त्याची जबर झळ बसली. अशा वेळी एकट्या देशाने निर्यातकर लावला, तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. तेव्हा उत्पादक देशांनी मिळून पुरवठा आवरणे हाच मार्ग उरतो, आणि नेमका तोच १९८९ मध्ये बंद झाला.

प्रा. भगवती सरसकट बाजारपूजक नाहीत, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. भांडवलाच्या अनिर्बंध संचाराला खुल्या व्यापाराचा न्याय लावता येत नाही, असे त्यांनी १९९८ मध्ये ठामपणे मांडले. जागतिक व्यापार संघटनेत पेटंटचा विषय घुसडण्यालाही त्यांचा विरोध होता. आमचा मतभेद वेगळाच आहे. दारिद्र्य आणणारी वाढ त्यांच्या लेखी अपवाद आहे. एकाच पिकावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या वाट्याला मात्र तो अपवाद वारंवार येतो.

म्हणून व्यापार करारांवर सह्या करणाऱ्यांनी प्रा. भगवतींचे नाव जरूर घ्यावे. पण त्यांचे १९५८ चे टिपणही वाचावे. उत्पादक देशांचे सामुदायिक करार आणि लहान बागायतदाराला किमान भावाची हमी, या दोन्ही मागण्यांना त्यात भक्कम आधार सापडेल.