कडक पोलीस, पण कुणासाठी?




‘आखातात पोलीस कडक, म्हणून सगळे सुरक्षित, मोहल्ला समित्या हव्यात कशाला?’ हे मागच्या अंकातले पत्र कुवेतमध्ये बसून वाचले. सालमियात रात्री उशिरा बिनधास्त फिरता येते, खरे आहे. पण ते सिव्हिल आयडी (इथले ओळखपत्र) खिशात असलेल्या माझ्यासारख्याला. इथे घरकाम करणाऱ्या कितीतरी बायकांचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो. संमतीशिवाय तो ठेवायला कुवेतच्या २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने मनाई आहे, तरीही. छळाला कंटाळून एखादी बाहेर पडली, की मालकच आधी ‘पळून गेली’ अशी तक्रार देऊन मोकळा होऊ शकतो. अरबी न येणारी ती बाई ठाण्याची पायरी कशी चढणार?

आणि समित्या म्हणजे ढिलाई नव्हे. १९८४ साली हिंदू-मुस्लिम दंगलीत पेटलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून दोन्ही समाजांच्या साध्या रहिवाशांना मोहल्ला समित्यांत पोलिसांसोबत बसवले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली.

इथे परक्यांची समिती कोणी नेमणार नाही, मान्य. पण गणपतीसाठी महिनोन्महिने तालमी करणाऱ्या आपल्या मंडळींना (मीही त्यातलाच) अशा बाईसोबत ठाण्यात जाणारे दोन अरबी जाणकार दूतावासाच्या मदतीने उभे करणे अवघड नाही.

आपला,
एक वाचक, सालमिया, कुवेत