पदवीनंतरचे मैदान

सॉफ्टबॉलमध्ये मैदानाच्या कडेला उभ्या असणाऱ्या तीन आउटफिल्डरांकडे प्रेक्षकांचे लक्ष सहसा जात नाही. बराच वेळ नुसते उभे राहावयाचे आणि एखाद्या उंच फटक्यामागे जिवाच्या आकांताने धावावयाचे, हे त्यांचे काम. अमेरिकेची लॉरा बर्ग अशीच खेळाडू. फ्रेस्नो राज्य विद्यापीठाच्या १९९८ च्या विजेत्या संघात ती होती. १९९६, २००० व २००४ साली ऑलिंपिक सुवर्णपदक आणि २००८ साली रौप्यपदक तिने मिळविले. पुढे ती महाविद्यालयीन संघाचीच प्रशिक्षक झाली. तेथील व्यावसायिक लीग २०२१ साली बंद पडली. खेळ तगला तो महाविद्यालयांच्या आधारावर.

कारंजा लाडच्या मुलीला हा आधार कोठे? ती फार तर अमरावती विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचते. पदवी हाती पडताच ग्लोव्ह माळ्यावर जातो. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे खरे, परंतु ते प्रावीण्याचे प्रमाणपत्र मागते. ते मिळेपर्यंत तिने खेळावयाचे कशाच्या बळावर? २०२८ साली लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल परतत आहे, तेव्हा भाषणांना तोटा पडणार नाही. माजी खेळाडू मुलींना मानधनावर प्रशिक्षक नेमण्याचा ठराव मात्र महाविद्यालयांनी याच शैक्षणिक वर्षात करावा.